ओळख फौजदारी कायद्याची (७) : सरकारी वकील नेमका कोणाचा?

गेल्या आठवड्यात आपण आरोपपत्र म्हणजे काय ते पाहिले. ते कोर्टात दाखल झाले की सूत्रे सरकारी वकिलाच्या हाती जातात. डोके तुमचे फुटलेले असते, फिर्याद तुम्ही दिलेली असते. पण खटल्याच्या कागदांवर मात्र ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ अमुक आरोपी असे लिहिलेले असते. गुन्हा एकाविरुद्ध घडला तरी कायदा तो साऱ्या समाजाविरुद्धचा मानतो. म्हणून खटला शासन चालवते आणि तुम्ही त्यातले साक्षीदार असता. ‘आमचा वकील आम्हाला विचारतच नाही’ ही कोर्टाच्या आवारातली नेहमीची तक्रार हे ठाऊक नसल्यामुळेच होते.

मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात हे काम सहायक सरकारी अभियोक्ता म्हणजे ‘एपीपी’ करतात, तर सत्र न्यायालयात सरकारी अभियोक्ता म्हणजे ‘पीपी’. पीपी होण्यासाठी किमान ७ वर्षे वकिली केलेली असावी लागते. एखाद्या खटल्यापुरता विशेष सरकारी वकील नेमायचा तर १० वर्षे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यात उज्ज्वल निकम होते ते असे. १ जुलै २०२४ पासून या नेमणुका भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ व १९ खाली होतात.

मग हा वकील पोलिसांचा का? तोही नाही. पूर्वी खालच्या कोर्टात पोलीस अधिकारीच खटले चालवत. १९७३ च्या संहितेने ती वाट बंद केली, तरी एपीपींवर पोलीस खात्याचा वचक उरलाच होता. अखेर १९९५ मध्ये, महाराष्ट्रातल्याच शहाणे प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे खाते पोलिसांपासून वेगळे करायला राज्य सरकारला सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी हितेंद्र ठाकूर प्रकरणात याच न्यायालयाने सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही, असे स्पष्ट केले होते. पोलिसांनी पाठवलेला कागद नुसता पुढे सरकवणे हे त्याचे काम नव्हे. तो त्याने स्वतः तपासायचा असतो.

आरोपीला काहीही करून शिक्षा मिळवून देणे हेही त्याचे कर्तव्य नाही. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तो दडवता येत नाही. मात्र निःपक्षपातीपणा म्हणजे ढिलाई नव्हे. गुजरातमधील बेस्ट बेकरी खटल्यात सरकारी वकील बचाव पक्षासारखा वागला, असे ताशेरे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ओढले आणि फेरसुनावणी महाराष्ट्रात घ्यायला लावली.

या वकिलाची खरी कसोटी लागते ती खटला मागे घेताना. सरकारच्या मनात आले म्हणून खटला मागे घेता येत नाही. सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अर्ज करायचा आणि कोर्टाने संमती द्यायची. केरळ विधानसभेत २०१५ मध्ये आमदारांनी मोडतोड केली. पुढे त्यांचेच सरकार आले आणि खटला मागे घेण्याचा अर्ज झाला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला नकार दिला. आता तर नव्या संहितेच्या कलम ३६० नुसार पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोर्टाला अशी संमती देताच येत नाही.

पीडिताला कोर्टाच्या परवानगीने स्वतःचा वकील देता येतो. तो सरकारी वकिलाच्या हाताखाली काम करतो आणि पुरावा संपल्यावर, कोर्टाने मुभा दिल्यास, लेखी युक्तिवाद मांडतो. तेव्हा समन्स आले की ऐन पुकाऱ्याच्या वेळी धावत जाऊ नका. थोडे आधी पोहोचा, सरकारी वकिलाला भेटा, कुणी दमदाटी केली असेल तर तेही सांगा. साक्ष पढवून देणे हे त्याचे काम नाही, पण तुमची अडचण कोर्टापुढे मांडणे नक्कीच आहे.

(पुढील आठवड्यात : साक्षीदार फितूर होतो म्हणजे काय?)