अमिनो पावडर, ओआरएस आणि ऑक्टोबरचं ऊन



आज खताचा मेसेज नाही. परवा आपले एक सभासद पावडरचा डबा घेऊन ऑफिसला आले. मुलाने शहरातून आणलेला, किंमत हजाराच्या वर. डब्यावर मोठ्या अक्षरात अमिनो ॲसिड, खाली बारीक अक्षरात इलेक्ट्रोलाइट्स. "सर, सोयाबीन सोंगायला जाताना हे घेतलं तर चालेल का? दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं जड होतं." पाणी किती पिता विचारलं, तर म्हणाले, "पाणी भरपूर पितो."

गोळे येण्याचं एक मोठं कारण तिथेच असू शकतं. घाम म्हणजे नुसतं पाणी नाही. माणसागणिक कमी-जास्त असतं, पण एक लिटर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ. थोडं पोटॅशियमही जातं. यांनाच इलेक्ट्रोलाइट म्हणतात. स्नायू आखडणं-सैल होणं आणि नसांचे संदेश यांच्यावर चालतात. मीठ गेलं आणि वरून नुसतं पाणीच ओतत राहिलो, तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, गोळे येतात. मागच्या हंगामात प्लॉट पाहणीत माझंही हेच झालं होतं. दोन बाटल्या पाणी पिऊनही बांधावर बसावं लागलं, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितोय.

ओआरएसमध्ये साखर का असते? चवीसाठी नाही. आतड्यात एक दार असं आहे की ग्लुकोजचा एक कण आत जाताना सोडियमचे दोन कण सोबत नेतो, आणि त्यांच्या मागे पाणी जातं. पण साखर जास्त झाली की उलटं होतं, पाणी आतड्यातच ओढलं जातं. ड्रिपमधून खत जास्त सोडलं, ईसी वाढला, की मुळाशी पाणी असूनही रोप सुकतं ना, तसंच. म्हणून पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर एकच लिटर. अर्ध्या तांब्यात अख्खी पुडी टाकू नका, वरून साखर घालू नका. केलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शीग लावून भरू नका.

दुकानातली गोड पेयं ओआरएस समजून घेऊ नका. असं नाव लावून विकण्यावर एफएसएसएआयने ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी आणली. पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला बघा.

आता त्या डब्यातलं अमिनो. प्रथिनं अमिनो ॲसिडचीच बनलेली असतात. शरीराला लागतात वीस, त्यातली नऊ जेवणातूनच यावी लागतात. अशा डब्यांत बहुतेक वेळा त्यातली तीनच असतात. बाकीची सहा नसतील तर स्नायू बांधला जात नाही, विटा आहेत पण सिमेंट नाही अशी गत. ज्वारीत लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत जे कमी पडतं ते ज्वारी भरून काढते. भाकरी-पिठलं म्हणजे पूर्ण पॅकेजच आहे. आणि आपण जे पोत्यानं विकतो त्या सोयाबीनमध्ये 100 ग्रॅमला 36 ते 40 ग्रॅम प्रथिनं असतात (कच्चं नको, नीट शिजवून किंवा भाजून). उन्हातला थकवा मात्र अमिनोने जात नाही. त्या डब्याने बरं वाटलंच, तर ते बारीक अक्षरातल्या मिठाने आणि सोबत प्यायलेल्या पाण्याने.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. फवारणीचं अमिनो ॲसिड हे पिकासाठी आहे, माणसाने किंवा जनावराने पिण्यासाठी नाही. "अमिनो तर अमिनोच" असं म्हणून कोणी चाखू नये. ती बाटली पाण्याच्या बाटल्यांजवळ ठेवूही नका.

रोज काय करायचं? न्याहारी करूनच निघा. तहानेची वाट न बघता दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी. दिवसातून दोनदा मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी. जेवणात मीठ असतंच, त्यामुळे धडधाकट माणसाला एवढं पुरतं. गोळे, चक्कर आली तर सावलीत बसून ओआरएस घोट-घोट घ्या. बीपी, किडनी, हृदयाचा त्रास किंवा शुगर असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही.

❗ फवारणी करताना खूप घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं, उलटी असं झालं तर ते ऊन समजून ओआरएस देत बसू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती माणसं गेली ते आपण विसरलेलो नाही. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. माणूस बरळत असेल किंवा शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. उन्हामुळे असं झालं असेल तर गाडी येईपर्यंत सावलीत आणून अंगावर पाणी टाका आणि वारा घाला.

ओआरएसच्या पुड्या आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मिळतात. चार पुड्या आजच आणून डब्याच्या पिशवीत ठेवा. सोंगणीला येणाऱ्या मजुरांसाठीही.

– आपला कृषी सल्लागार