किरण एका माशावर, परिणाम दुसऱ्यावर

रेनबो ट्राउट जातीच्या एका माशावर ०.५ ग्रे इतक्या मात्रेचे क्ष-किरण सोडले. माणसाच्या जिवावर बेतणाऱ्या मात्रेचा हा साधारण आठवा भाग. मासा मरत नाही, पूर्वीसारखाच पोहत राहतो. मग त्याच्या सोबतीला किरणांचा स्पर्शही न झालेला दुसरा ट्राउट सोडला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात कार्मेल मदरसिल, कॉलिन सेमूर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. किरणांची खूण त्या दुसऱ्या माशातही सापडली होती. इतकंच नाही, पहिला मासा काढून घेऊन उरलेल्या पाण्यात नवा मासा सोडला, तरी तेच.

हे कळलं कसं? सोबतच्या माशाची त्वचा, पर, कल्ले, मूत्रपिंड, प्लीहा यांचे इवलेसे तुकडे पोषक द्रवात ठेवले. तो द्रव नंतर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर घातला आणि त्यातल्या किती पेशी तगून वाढतात, हे मोजलं. मासा नुसता हाताळला तरी बिथरतो. म्हणून काही मासे यंत्रापर्यंत नेले, पण किरण सोडलेच नाहीत. तुलना या माशांशी होती. मला या प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते ती ही खबरदारी.

किरणांचा मारा झालेला मासा पाण्यात काहीतरी सोडतो आणि शेजारच्याचं शरीर त्याला प्रतिसाद देतं, असा याचा अर्थ. हा प्रतिसाद घातकच असतो असं मात्र नाही. याच गटाने पुढे कल्ल्यांमधली प्रथिनं तपासली, तेव्हा सोबतच्या माशांमधले बदल बरेचसे बचावाच्या वळणाचे दिसले. त्यामुळे घाबरवणारे मथळे इथे गैरलागू आहेत.

माशांवरच्या किरणांचा अभ्यास तसा जुना. अमेरिकेत हॅनफर्डच्या अणुभट्ट्यांचं पाणी कोलंबिया नदीत जाणार, तर तिथल्या सामन माशांचं काय होईल, हे पाहण्यासाठी लॉरेन डोनाल्डसन यांनी सिअ‍ॅटलमध्ये १९४३ सालीच गुपचूप काम सुरू केलं होतं. नियम मात्र फार मागे राहिले. माणूस सुरक्षित असला की इतर सजीवही सुरक्षित, असंच आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोग विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धरून चालला. २००८ मध्ये आयोगाने बारा संदर्भ प्राणी-वनस्पती ठरवल्या. त्यात ट्राउट आहे, खेकडाही आहे. ट्राउटसाठी दिवसाला १ ते १० मिलिग्रेचा पट्टा दिला आहे. मात्रा तिथवर पोहोचली की परिणामांचा विचार करायचा.

पण हा हिशेब मांडताना मासा म्हणजे पाण्यातला एक सुटा लंबगोल धरला जातो. त्याच्या शरीरात किती ऊर्जा शोषली गेली, एवढंच त्यात येतं. शेजारच्या माशाकडून पाण्यातून येणाऱ्या संदेशाला या गणितात रकानाच नाही. अणुवीज केंद्राजवळच्या पाण्यातले मासे तपासताना सोबतच्या माशांचे कल्लेही तपासायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी लागणारी पद्धत मॅकमास्टरच्या प्रयोगशाळेने केव्हाच दाखवून दिली आहे.