विश्लेषण : गॉथिक मेटल म्हणजे नेमके काय? इंग्लंडच्या गिरणगावात ते कसे जन्मले?

ज्यांचे शाळा-कॉलेजचे दिवस २००० नंतरच्या दशकात गेले, त्यांच्या कानावर इव्हॅनेसन्स या अमेरिकी बँडचे ‘ब्रिंग मी टू लाइफ’ एकदा तरी पडलेले असते. आधी हळवा पियानो, त्यावर एमी लीचा आवाज आणि मग अचानक अंगावर येणारी गिटार. ‘गॉथिक मेटल’ म्हटले की अनेकांना एवढेच आठवते. या प्रकाराचे जुने चाहते मात्र इव्हॅनेसन्सला त्यात धरायचे की नाही, यावर आजही हिरिरीने वाद घालतात. हा वाद समजून घ्यायचा तर १९९१ च्या उत्तर इंग्लंडमध्ये जावे लागते.

‘गॉथिक’ हा शब्द आला कुठून?

गॉथ हे रोमन साम्राज्याशी लढलेले जर्मानिक लोक. प्रबोधनकाळातील इटालियन विद्वानांनी मध्ययुगीन टोकदार कमानींच्या इमारतींना ‘गॉथिक’, म्हणजे रानटी, असे हिणवले. पुढे १७६४ मध्ये होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ ही कादंबरी आली. दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘गॉथिक स्टोरी’ असे उपशीर्षक मिळाले आणि पडके किल्ले, शाप, भुते, अपुरे प्रेम यांच्या कथांना नाव सापडले. एका शिवीला अशी प्रतिष्ठा मिळाली. एकोणिसाव्या शतकात ही वास्तुशैली पुन्हा फॅशनमध्ये आली आणि मुंबईतही पोहोचली. सीएसएमटीला रोज लोकल पकडणारे लाखो प्रवासी व्हिक्टोरियन गॉथिकच्या सावलीतूनच धावत असतात; मान वर करायला वेळ नसतो, इतकेच.

संगीतात हा शब्द रुळला तो पंकची लाट ओसरताना. १९७९ मध्ये बाउहाउस या बँडने ‘बेला लुगोसीज डेड’ हे नऊ मिनिटांहून लांब गाणे काढले. बेला लुगोसी म्हणजे १९३१ च्या चित्रपटात ड्रॅक्युला साकारणारा नट. पाठोपाठ लीड्स शहरातून ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ आले. खर्जातला आवाज, घुमणारी बेस गिटार आणि ड्रमरच्या जागी चक्क ड्रम मशीन. त्या यंत्राला त्यांनी ‘डॉक्टर अ‍ॅव्हलांच’ असे नावही दिले होते. हा झाला गॉथिक रॉक. यात काळोख होता, पण वजन नव्हते.

मग वजन कुठून आले?

बर्मिंगहॅममधून. पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या १७ वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली आणि पुढे तारांवरचा ताण कमी करण्यासाठी त्या सैल केल्या. तारा सैल झाल्या, सूर खाली उतरला, आवाज जड झाला. ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी, ठरवून शुक्रवारी, बाजारात आला.

त्यातल्या बँडच्याच नावाच्या गाण्याचा गाभा एका स्वरांतरावर उभा आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातले अंतर. आजच्या पाश्चात्त्य ट्यूनिंगमध्ये या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर दोनच्या वर्गमुळाइतके येते. पाश्चात्त्य कानाला ते अस्वस्थ करते, म्हणून त्याला ‘सैतानी’ म्हटले गेले. यमन ऐकत वाढलेल्याला मात्र तीव्र मध्यमात भीतीदायक काही वाटत नाही. भीती स्वरात कमी आणि सवयीत जास्त असते, असे यावरून म्हणायला हरकत नाही.

सॅबथच्या या संथ, जड शैलीतून ‘डूम मेटल’ निघाले. दुसरीकडे वेग आणि गुरगुरणाऱ्या आवाजाचे ‘डेथ मेटल’ वाढत होते. १९८७ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘सेल्टिक फ्रॉस्ट’ने ‘इन्टू द पँडेमोनियम’ अल्बममध्ये व्हायोलिन आणि स्त्रीस्वर आणून पुढच्यांना वाट दाखवली.

हॅलिफॅक्समध्ये काय घडले?

हॅलिफॅक्स हे यॉर्कशायरमधले जुने गिरणगाव. एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या गालिचा कारखान्यांत गणली जाणारी तिथली डीन क्लफ गिरणी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. गिरण्या बंद झाल्या म्हणून उदास संगीत जन्मले, असे थेट समीकरण मांडणे भाबडेपणाचे ठरेल. पण त्या गावात वाढणाऱ्या पोरांपुढे कोणते चित्र होते, हेही विसरता येत नाही.

१९८८ मध्ये इथल्या पाच तरुणांनी ‘पॅराडाइज लॉस्ट’ हा बँड काढला. पहिला अल्बम डेथ मेटलचा, पण नेहमीपेक्षा बराच संथ. मार्च १९९१ मध्ये जवळच्याच ड्यूजबरीच्या ‘पीसव्हिल’ या छोट्या कंपनीने त्यांचा दुसरा अल्बम काढला. नाव होते ‘गॉथिक’. निक होम्सचा गुरगुरता आवाज तसाच होता. पण ग्रेग मॅकिंटॉशची गिटार आता नुसती ठोकत नव्हती, तर गाण्यावरून एक रडवेली धून ओढत नेत होती. त्यात सारा मॅरियनचा स्वर आणि वाद्यवृंदासारखे कीबोर्ड. शेजारच्या लीड्सचा काळोख आणि बर्मिंगहॅमचे वजन इथे एकत्र आले. या प्रकाराचे नाव याच अल्बमशी जोडले जाते.

त्याच कंपनीचे ‘माय डाइंग ब्राइड’ आणि लिव्हरपूलचे ‘अ‍ॅनाथिमा’ हेही याच वाटेने निघाले. या तिघांना ‘पीसव्हिल थ्री’ म्हणतात.

अटलांटिकपलीकडे, ब्रुकलिनच्या ‘टाइप ओ निगेटिव्ह’ने मात्र या सगळ्याकडे डोळा मारला. गायक पीटर स्टील संगीताआधी न्यूयॉर्कच्या उद्यान विभागात नोकरी करायचा. १९९३ च्या ‘ब्लडी किसेस’मधले ‘ब्लॅक नंबर वन’ हे गाणे गॉथ मुलीच्या नटण्यामुरडण्याची थट्टा करते. शीर्षकाचा संदर्भ केसांच्या काळ्या रंगाचा. गंमत अशी की गॉथ मंडळींनी तेच गाणे डोक्यावर घेतले. रोडरनर कंपनीला अमेरिकेत पहिली ‘गोल्ड’ विक्री याच अल्बमने मिळवून दिली.

स्त्रीस्वर हीच ओळख कशी बनली?

१९९५ मध्ये नॉर्वेच्या ‘थिएटर ऑफ ट्रॅजेडी’ने रेमंड रोहोन्यीची गुरगुर आणि लिव्ह क्रिस्टीनचा नाजूक स्वर समोरासमोर उभे केले. या रचनेला ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ असे नाव पडले आणि युरोपभर तिच्या नकला निघाल्या. नकलांमध्ये गायिका बहुधा शोभेपुरती उरली. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या ‘द गॅदरिंग’ने ‘मँडिलियन’मध्ये अ‍ॅनेके व्हान गिर्सबर्गनला एकटीला पुढे ठेवले. गाणे पेलायला गुरगुरणाऱ्या पुरुषाची गरज नाही, हे तिथे स्पष्ट ऐकू येते.

कंपन्यांना मात्र ते पटले नसावे. ‘ब्रिंग मी टू लाइफ’मधला पुरुषी आवाज रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहामुळे आला, त्यांना तर तो बहुतेक गाण्यांत हवा होता, असे एमी लीने नंतर वारंवार सांगितले. ज्या ‘फॉलन’ अल्बममध्ये हे गाणे आहे, त्याला अमेरिकेत एक कोटी प्रतींचे ‘डायमंड’ प्रमाणपत्र मिळाले. त्यातल्या इतर गाण्यांची धुरा एकट्या लीच्याच आवाजावर आहे.

हे संगीत ऐकायचे तर सुरुवात कुठून?

‘गॉथिक’पासूनच. ध्वनिमुद्रण कच्चे आहे, पण जोड कुठे बसला ते कळते. गुरगुर सोसवत नसेल तर थेट ‘मँडिलियन’ लावावा. पॅराडाइज लॉस्टने १९९९ च्या ‘होस्ट’मध्ये गिटार मागे सारून इलेक्ट्रॉनिक संगीत पुढे आणले, तेव्हा चाहते चिडले होते. २०१५ च्या ‘द प्लेग विदिन’मध्ये होम्सची गुरगुर परतली आणि २०२० च्या ‘ऑब्सिडियन’मध्ये ती सिस्टर्स ऑफ मर्सीच्या वळणाच्या सुरांशेजारी ऐकू येते.