थ्री-नॉट-थ्री कोणाला मिळते?

आमच्या नारायणगुड्यात नेमबाजीचा शौक असलेली जी चार-दोन मराठी घरे उरली आहेत, त्यांतून एक प्रश्न हटकून कानी येतो. फौजेने थ्री-नॉट-थ्री कधीच टाकून दिली, आता पोलीसही टाकीत आहेत. मग या हजारो रायफली लिलावात मिळत का नाहीत? सरकारी जीप मिळते, सरकारी टेबल-खुर्च्या मिळतात, मग एक जुनी रायफल परवाना दाखवून का मिळू नये?

मिळत नाही, हे खरे. पण का मिळत नाही, याची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

ही रायफल म्हणजे ली-एन्फील्ड. बोल्ट हाताने मागे ओढावा, पुढे सारून खाली दाबावा, की नवे काडतूस नळीत बसते. मॅगझीनमध्ये दहा काडतुसे राहतात आणि बोल्टाची चाल इतकी सुळसुळीत, की पहिल्या महायुद्धापूर्वीचा कसलेला इंग्रज शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढी. कलकत्त्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे घडत होती. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर तिथेच तिची ७.६२ मिलिमीटरची धाकटी बहीणही तयार झाली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला शेवटची सलामी देऊन निरोप दिला, तेव्हा तिच्या चाकरीला शंभराहून अधिक वर्षे झाली होती.

मौज अशी की, हीच आपली ईशापुरी रायफल अमेरिकेत दुकानात मिळते. आमचा एक भाचा टेक्सासात असतो. त्याने मोठ्या हौसेने एक घेतली आणि मला तिची छायाचित्रे पाठविली. दस्त्याच्या मुळाशी पोलादावर मुकुट, त्याखाली जी. आर. आय. ही राजाची अक्षरे, मग ईशापूर आणि १९४२ साल. बंगालात घडलेली, हिंदी शिपायाने वागविलेली ही वस्तू टेक्सासात भिंतीवर शोभते आणि हैदराबादेत ती घरात सापडली तर तुरुंग! तिथेही सारे मोकाट होते असे नाही. १९६३ साली अध्यक्ष केनेडींचा खून झाला तो इटालियन फौजेने टाकलेल्या कारकानो रायफलीने. मारेकऱ्याने ती टपालाने मागविली होती, दुर्बिणीसह वीस डॉलरच्या आत. त्यानंतर १९६८ च्या कायद्याने परदेशी फौजांच्या टाकाऊ बंदुकांची आयात तिथे बंद झाली. ऐंशीच्या दशकात संग्राहकांसाठी ते दार पुन्हा किलकिले झाले, तेव्हा आपला माल तिकडे गेला.

भाच्याला मी एवढेच कळविले की, पुढच्या लाकडावर तारेचे वेढे असतील तर ती हातबाँब फेकण्यासाठी वापरलेली रायफल. तिच्यावर फार भरवसा ठेवू नये. डी. पी. ही अक्षरे दिसली तर ती केवळ कवायतीची, तिच्यातून बार काढूच नये. आणि जुनी फौजी काडतुसे वापरलीच, तर त्याच संध्याकाळी नळीतून कढत पाणी ओतावे. त्या काडतुसांच्या टोपीतील क्षार नळीत राहतो आणि दमट हवेत रातोरात गंज धरतो. तेलाने तो क्षार निघत नाही, पाण्यानेच निघतो. गोरे शिपाई हेच करीत.

आता आपल्याकडचा कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत .३०३ आणि ७.६२ च्या बोल्ट रायफली निषिद्ध वर्गात घातल्या आहेत. नुसत्या त्याच नव्हे, तर ज्या कोणत्याही रायफलीत ही फौजी काडतुसे बसून उडू शकतील त्या साऱ्या. .४१० ची मस्केटही त्यातच. वास्तविक ती म्हणजे पहारेकऱ्यांसाठी आटे काढून टाकलेली, एकबारी केलेली थ्री-नॉट-थ्री! शब्दयोजना नीट पाहिली की उलगडा होतो. सरकारला भीती बंदुकीची नाही, काडतुसाची आहे. बंदूक एकदाच चोरीला जाते. काडतुसे कोठारातून रोज चार-चार गळू शकतात. इंग्रजांनी सत्तावन्नची धास्ती घेऊन १८७८ चा कायदा केला, विसाव्या शतकाच्या आरंभी .४५० बोअर हिंदुस्थानात बंद केली, त्यामागे हेच गणित होते. स्वतंत्र भारताने ते जसेच्या तसे उचलले.

दारूगोळ्याची ही भीती हैदराबादकरांस समजावून सांगायला नको. इथून दोन-अडीच किलोमीटरवर गनफाउंड्री आहे, जुन्या लोकांचा तोप का साँचा. रेमंड या फ्रेंचाने १७९५ च्या सुमारास तिथे निजामासाठी तोफा ओतल्या आणि १७९८ साली इंग्रजांनी पहिले काम काय केले, तर त्या फ्रेंच फलटणी निःशस्त्र केल्या. पुढे १९४८ साली सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून शस्त्रे आणून इथे उतरवीत होता. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली. त्या दिवसांत घरात बंदूक असण्याचा आणि नसण्याचा अर्थ काय होता, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे.

मग इथल्या नेमबाजाला उरते काय? .३१५. बंदीची ही लेक मोठी गुणी निघाली. फौजी बोअर रयतेला वर्ज्य, म्हणून बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने त्याच ली पद्धतीच्या बोल्टावर ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर काडतुसाची शिकारी रायफल काढली. ते काडतूसही मूळचे फौजीच, पण परक्या फौजेचे! ईशापूरने तोच धागा पुढे चालविला. म्हणून परवान्यावर मिळणारी ईशापुरी .३१५ हातात घेतली, की थ्री-नॉट-थ्रीचे नातेवाईक भेटल्यासारखे वाटते. काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. उत्तरेकडे गावठी कट्टेवाल्यांनी हेच काडतूस आपलेसे केले, हे मात्र कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसावे.

जुनी .३१५ घ्यायची तर घाई करू नये. आधी बोल्ट काढून नळीतून उजेड पाहावा; आटे धारदार दिसले पाहिजेत आणि चेंबरच्या पुढे खड्डे नसावेत. नळीचे तोंड बोटाने चाचपावे. गज फिरवून फिरवून ते झिजलेले असेल तर नेम गेला म्हणून समजा. बोल्टावरचा आकडा नळीवरच्या आकड्याशी जुळतो का, हे पाहायला विसरू नये. लाकडाची चकाकी सर्वांत शेवटी पाहावी; बहुतेक गिऱ्हाईक तीच आधी पाहते.

तरी आज खरी अडचण खरेदीची नाही, असलेले राखण्याची आहे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने साध्या परवानेदाराला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. वारशाने आलेले हत्यारही त्यातच मोजले जाते. तिसरे वर्षाच्या आत जमा करायचे होते. आमच्या शेजारच्या नानांकडे तीन होती: बारा बोअरची दुनळी, .२२ आणि वडिलांची .३१५. मला बोलावून म्हणाले, "कोणती देऊ, तुम्हीच सांगा." मुलांचे मत .३१५ द्यावी असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, काडतुसे महाग, ठेवून करायचे काय?

मी बोल्ट काढून नळी पाहिली. आरशासारखी होती. नानांच्या वडिलांनी, आणि पुढे नानांनी, ती किती निगुतीने पुसली असेल! मी म्हणालो, .२२ द्या, तशी उद्याही मिळेल. नानांनी ती विक्रेत्याकडे जमा केली. गिऱ्हाईक मिळाले नाही. ज्याच्या-त्याच्याकडे दोन झालेली, आणि प्रत्येकजण तिसरी विकायला निघालेला, घेणार कोण?

दुसरी गोष्ट मी त्यांना सांगितली ती अनेक घरांना ठाऊक नसते. २०१६ च्या नियमांनुसार परवानेदार सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षे झाली, की त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. मागे वडील गेल्यावर हत्यार ठाण्यात जमा करायचे, आणि मग वारसांचे संमतिपत्र गोळा करीत वर्षे घालवायची. तोवर मालखान्यात नळीला गंज. नाना एक्याऐंशीचे आहेत. धाकट्या सूनबाईंना नेमबाजीची आवड, पण वारस म्हणून अर्ज मुलानेच केला. हत्यार हाताळण्याच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र घेऊन आयुक्तांच्या कार्यालयात कागद दिले आहेत. तोवर दर रविवारी नाना मुलाला समोर बसवून बोल्ट काढायला आणि घालायला लावतात, आणि सूनबाई शेजारी उभ्या राहून त्याच्या चुका दाखवितात.