सही करा, पण बैठकीत बसून!

मैत्रिणींनो, आमच्या गावाबाहेर शेतांचे प्लॉट पडले, घरं उभी राहिली, भाडेकरू आले. साहजिकच जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट वाढला. खोल्या मात्र तेवढ्याच आणि शिक्षकही तेवढेच! एका खोलीत दोन-दोन इयत्ता. याबद्दल आपण ओट्यावर, नळावर भरपूर बोलतो. पण बोलायची खरी जागा आहे शाळा व्यवस्थापन समिती.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा तयार करणं, अनुदान कुठे खर्च होतं त्यावर लक्ष ठेवणं, हे समितीचंच काम. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, असंही कायदा सांगतो. म्हणजे शाळेत आलेलं एकसष्टावं मूल तिसरा शिक्षक मागतंय!

बचत गटाच्या कामासाठी मी घरोघरी फिरते. तेव्हा हमखास ऐकू येतं, ''समितीत नाव आहे हो माझं, पण रजिस्टर घरीच येतं सहीला.'' ताई, असं कसं चालेल? पोळ्या अर्धा तास उशिरा झाल्या तरी चालतील, बैठकीला जाच. पट किती, शिक्षक किती, नव्या खोलीची मागणी आराखड्यात घातली का, एवढं विचारा. मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा, वाचा आणि मगच सही करा.