नाशिकची शाळा, मोंबासाची माणसं

*गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना शरणपुरात अक्षरं आणि हातचं काम शिकवणाऱ्या, आणि शाळा बंद झाल्यावरही त्यांची साथ न सोडणाऱ्या एका पाळकाविषयी.*

नाशिकच्या शरणपूर रोडवर दिवसभर वर्दळ असते. ज्या वस्तीवरून या रस्त्याला नाव पडलं, ती रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस या इंग्रज पाळकानं १८५४ मध्ये गावाबाहेर वसवली. धर्म बदलला म्हणून घरादारानं आणि जातीनं तोडलेल्यांना राहायला जागा मिळावी, हाताला काम मिळावं, हा त्यामागचा मूळ हेतू. पण शरणपूरचं नाव दूरवर गेलं ते वेगळ्याच मुलांमुळे. ही मुलं पूर्व आफ्रिकेतली होती आणि गुलामांच्या व्यापारातून वाचून इथं पोचली होती.

प्राइस चर्च मिशनरी सोसायटीतर्फे १८४९ मध्ये पश्चिम भारतात आले. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती. कुणाला शिकवायचं आणि कुणाला नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात पेटत होता. नाशिकमध्ये प्राइस यांच्यापुढे आलेली मुलं तर कुणाच्याच खिजगणतीत नव्हती.

मुलं आली कुठून?

त्या काळी झांजिबार हा पूर्व आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचा मोठा अड्डा होता. आतल्या मुलखातली गावं लुटली जात, माणसं किनाऱ्यापर्यंत चालवत आणली जात आणि गलबतांत कोंबून अरबस्तान, इराणी आखाताकडे पाठवली जात. ब्रिटिश युद्धनौका यांतली काही गलबतं अडवत. सुटका झालेल्यांत लहान मुलं पुष्कळ असत. त्यांना परत पाठवायचं तरी कुठे? गाव उद्ध्वस्त झालेलं, वाट ठाऊक नाही, आणि किनाऱ्यावर उतरवलं तर पुन्हा पकडले जाण्याचा धोका. म्हणून अनेकांना मुंबईत आणलं गेलं. १८६० पासून मुंबईतली अशी मुलं शरणपुरात येऊ लागली आणि तिथला ‘आफ्रिकन आश्रम’ उभा राहिला.

प्राइस यांच्या शाळेचा घाट लक्षात घेण्यासारखा आहे. लिहिणं-वाचणं, इंग्रजी आणि बायबल यांच्या जोडीला सुतारकाम, लोहारकाम, शेतकाम होतं. या मुलांच्या पाठीशी ना वाडवडिलांची जमीन होती, ना जातीचा धंदा, ना शब्द टाकणारा मामा-काका. पोट भरायचं तर ते स्वतःच्या हातावरच, हे प्राइस यांनी ओळखलं होतं.

झाडावर कोरलेलं नाव

या शिक्षणाची परीक्षा झाली ती आफ्रिकेच्या ऐन मध्यभागी. प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये नाशिकला येऊन गेला आणि पुढच्या मोहिमेसाठी इथली ९ मुलं बरोबर घेतली. १८७२ मध्ये त्याच्या मदतीला जी तुकडी गेली, तिच्यात नाशिकचे आणखी ६ तरुण होते. त्यांतला एक जेकब वेनराइट, जन्मानं याओ जमातीचा.

१ मे १८७३ च्या सुमारास, आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. साहेबाचा देह मायदेशी पोचवायचा, असं त्याचे आफ्रिकन सेवक सूसी, चूमा आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं. हृदय तिथंच एका झाडाखाली पुरलं. दफनविधीची प्रार्थना म्हणायची होती. ती वेनराइटनं म्हटली. मृताच्या सामानाची यादी करायची होती. ती त्यानं लिहिली. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरायची होती; तेही त्यानंच केलं. मग मीठ लावून उन्हात सुकवलेला तो देह खांद्यावरून वाहत ही माणसं कित्येक महिने चालली आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकाठच्या बागामोयोला पोचली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटी धरणाऱ्या मान्यवरांत हा नाशिकचा विद्यार्थीही होता. प्रार्थना, यादी, कोरीव अक्षरं, या तिन्ही गोष्टींना शाळेत शिकलेलंच कामी आलं.

शाळेनंतरचा शिक्षक

१८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर झांजिबारला गेले. त्याच वर्षी तिथला गुलामांचा बाजार बंद करण्याचा तह झाला. सोडवलेल्या माणसांसाठी आता आफ्रिकेतच वस्ती हवी होती, आणि ती उभारायला नाशिकची शिकलेली मुलं उपयोगी पडतील, असं फ्रिअर यांनी सुचवलं. प्राइस १८७४ च्या अखेरीस मोंबासाला उतरले. पुढच्या वर्षी मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही वस्ती उभी राहिली. शरणपूरचा आश्रम बंद झाला आणि तिथले बहुतेक जण आफ्रिकेत गेले. तिकडे त्यांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणू लागले. कुणी शिक्षक झालं, कुणी सुतार, कुणी दुभाषी. त्यांच्यातल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये धर्मसेवेची दीक्षा मिळाली. त्यांच्यातलाच मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५ पर्यंत हयात होता.

प्राइस तिथं एकदा जाऊन थांबले नाहीत. ते तीनदा पूर्व आफ्रिकेत गेले. तिसऱ्या खेपेला, १८८८ मध्ये, मोंबासाजवळच्या रबाईत मालकांकडून पळून आलेल्या गुलामांचा प्रश्न चिघळला होता. मालक माणसं परत मागत होते, हत्यारं बाहेर येण्याची वेळ आली होती. अखेर १८८९ च्या सुरुवातीला तिथला कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश कंपनीनं मालकांना भरपाई दिली आणि सुमारे १४०० जणांना मुक्ततेचे कागद मिळाले. ही हकिकत प्राइस यांनी १८९० मध्ये पुस्तकरूपानं लिहिली.

या कामाला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगायलाच हवी. या मुलांची मूळ नावं गेली आणि त्या जागी इंग्रजी नावं आली. धर्म कोणता आणि जायचं कुठे, हे ठरवताना त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. आफ्रिकेत परतल्यावर तिथल्या गोऱ्या मिशनऱ्यांनी त्यांना बरोबरीनं वागवलं नाही, आणि त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. मला वाटतं, तो आवाज हीसुद्धा त्या शाळेची कमाई आहे. वाचायला शिकलेला माणूस आपल्यावरचा अन्यायही वाचू शकतो.

पवईतला प्रश्न

हे सगळं आज का आठवायचं? मुंबईच्या पवईत टॉवर उभे राहतात, तेव्हा ते बांधणाऱ्यांची मुलं तळाशी पत्र्याच्या खोल्यांत वाढत असतात. काम संपलं की बिऱ्हाड हलतं आणि शाळा तुटते. पलीकडे आयआयटी आहे, पण या मुलांसाठी तिचं फाटक फार लांब आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. पण चौदाव्या वर्षी त्या कायद्याचा हात सुटतो, आणि नेमका तिथंच मुलगा विटा उचलायला लागतो, मुलगी धुणीभांडी करायला.

वस्त्यांमधून शिकवणारी कितीतरी मनापासूनची माणसं मुंबईत आहेत. त्यांना प्राइस यांच्या आयुष्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे जबाबदारीची लांबी. अक्षरं द्यावीत, पोट भरेल असं कसब द्यावं, आणि मूल पहिल्यांदा कामाला लागतं तेव्हा त्याच्यासोबत उभं राहावं. मुलांची नावं आणि निवड मात्र त्यांचीच राहू द्यावी. प्रत्येक शाळेनं, प्रत्येक संस्थेनं पटाच्या नोंदीशेजारी आणखी एक रकाना आखावा: शाळा सुटून पाच वर्षांनी हे मूल कुठे आहे? तो रकाना भरण्यासाठी जो धडपडेल, त्याचं काम खऱ्या अर्थानं शिक्षकाचं.