राखणीचा कुत्रा आणि पहाटेची थंडी

डिसेंबर-जानेवारी आला की हवामानाच्या बातम्यांत परभणीचे नाव हमखास येते. 2018 च्या डिसेंबरअखेर इथे पारा 3 अंशांच्या आसपास उतरला होता, हे तुमच्या लक्षात असेल. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आभाळात सोडत राहते, म्हणून सगळ्यात जास्त गारठा उगवतीच्या वेळी असतो. त्या वेळी आपण गोधडीत असतो. हरभऱ्याच्या बांधावर रानडुकरांची चाहूल घेणारा कुत्रा मात्र बाहेरच असतो.

‘त्याला केस आहेत की, त्याला कसली थंडी?’ असे आपण सहज म्हणतो. बर्फाळ मुलखातल्या कुत्र्यांना वरच्या केसांखाली दाट लोकरीचा थर असतो. आपल्या गावठी कुत्र्याला तसा दाट थर नसतो. कारवानी जातीचा सडपातळ, आखूड केसांचा कुत्रा तर अंगावर चरबीही बाळगत नाही. त्यातून आपल्याकडे भर थंडीतही दुपार उबदार असते. दुपारी जीभ काढून धापा टाकणारा कुत्रा पहाटे कुडकुडतो, तो असा.

कोरड्या अंगाने कुत्रा बरीच थंडी काढतो. अंगाचे मुटकुळे करतो, शेपटी नाकावर घेतो. केसांत अडकलेली हवा अंगातली ऊब धरून ठेवते. पण केस भिजले की ती हवा निघून जाते आणि वारा अंगातली उष्णता ओढून घेतो. म्हणजे थंडीपेक्षा ओल वाईट. रात्रपाळीच्या विजेवर गव्हाला पाणी देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे, कारण मालक बारे मोडत फिरतो आणि कुत्रा त्याच्या मागे दांडातून चिखल तुडवत असतो.

एका जानेवारीत असाच एक शेतकरी सकाळी सात वाजता मोटारसायकलवर पोत्यात गुंडाळलेला कुत्रा घेऊन माझ्याकडे आला. कुत्र्याचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. याचे 96 च्या वर जाईना. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. शेतकरी म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, चार वाजता लय कुडकुडत होता. मग थांबला, म्हटलं बरं वाटलं असंल.’ इथेच फसगत होते. कुडकुडणे ही ऊब तयार करण्याची शरीराची धडपड असते. ऊब न मिळता ती धडपड थांबली आणि कुत्रा मलूल पडला, तर शरीर थकले असे समजावे. तो कुत्रा वाचला, पण दुपार उलटून गेली.

अशा वेळी कुत्र्याला आधी खसखसून पुसून कोरडे करावे. मग घोंगडीत गुंडाळून, कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून छातीशी व पोटाशी ठेवाव्यात. एकदम जाळाजवळ नेऊ नये, अंगावर कढत पाणी ओतू नये आणि दारू तर मुळीच पाजू नये. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात दूधही ओतू नये, ते फुफ्फुसात जाते. हे करत करतच दवाखाना गाठावा.

आता निवाऱ्याचे. येळवसेला शेतात आपण कडब्याची कोप करतो. तशीच, पण लहान, कोप कुत्र्यासाठी करायला तासभर पुरे. लहान म्हणजे केवढी? कुत्र्याला उभे राहता यावे, वळून मुटकुळे करता यावे, एवढीच. मोठ्या खोलीत त्याच्या अंगाची ऊब हरवून जाते. तुराट्यांचे कूड करून शेणामातीने लिंपले तर फारच उत्तम. हिवाळी वारा बहुधा उत्तर-पूर्वेकडून येतो, म्हणून तोंड दक्षिणेला ठेवावे आणि त्यावर पोत्याचा पडदा सोडावा. सगळ्यात महत्त्वाची जमीन. आपली काळी माती ओल धरते. खाली विटा, त्यावर फळी किंवा मोडक्या बाजेचा तुकडा आणि वर वीतभर कडबा किंवा गव्हाचे काड. नुसते गोणपाट अंथरले तर ते दव पिते, म्हणून रोज उन्हात टाकावे. खताच्या प्लास्टिकच्या गोण्या ऊब देत नाहीत आणि औषधाची रिकामी पोती तर जवळही आणू नयेत.

शहरात हल्ली कुत्र्यांना स्वेटर दिसतात. हौस म्हणून ठीक आहे. राखणीच्या कुत्र्याचा स्वेटर बाभळीच्या काट्यात अडकेल आणि भिजला की उलट गारठा देईल. त्यापेक्षा जुनी घोंगडी कोपीत टाका.

मेंढ्या बसवायला आलेल्या धनगरांच्या तळावर पहाटे चक्कर मारा. कुत्रा मेंढ्यांना टेकून झोपलेला दिसेल. ही सोय ज्याला नाही, तो चुलीच्या राखेत शिरतो. राखेत निखारा राहिलेला असला तर कातडी भाजते, म्हणून शेकोटी विझवूनच निजावे. रात्रभर आखूड साखळीला बांधूनही ठेवू नका. हिंडता आले तर तो स्वतःला गरम ठेवतो, शिवाय आडोसा शोधतो.

ऊब पोटातूनही येते. बाहेर राबणाऱ्या कुत्र्याला या दोन महिन्यांत नेहमीपेक्षा पाव हिस्सा जास्त खाऊ घालावे आणि मोठे जेवण संध्याकाळी द्यावे. भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून, वर चमचाभर तेल, जमल्यास अंडे. कांदा-लसणाचे कालवण मात्र नको. कांद्याने कुत्र्याचे रक्त कमी होते. पाणी गार पडले की कुत्री ते कमी पितात, तेव्हा सकाळी थोडे कोमट ठेवावे.

आपल्याकडे कुत्र्या बहुधा याच हंगामात वितात. पहिले दोन आठवडे पिलांना कुडकुडताही येत नाही, त्यांची सगळी ऊब आईच्या अंगातून येते. म्हणून व्यालेल्या कुत्रीला निदान महिनाभर राखणीला नेऊ नका, तिला गोठ्याच्या कोपऱ्यात कोरडी जागा द्या. आणि सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी एकदा खाली वाकून पाहा. गरम इंजिनाच्या आडोशाला रात्री कोणीतरी येऊन निजलेले असते.